ओढ्यापलीकडच्या टर्कीबाबत

नाव: वेल्डा जून टॅकेट. वय: ४५ वर्षे. धंदा: शाळेच्या बसची चालक. राहणार: स्टिलहाउस ओढा रस्ता, ओझार्क डोंगर, मिसुरी.

मी आज सोमवार, ता. ११ मे २००९ रोजी शेरीफच्या कचेरीत स्वतः येऊन, डेप्युटी वॉर्ड लँगली यांनी विचारल्यावरून सांगते, ते असे की:

मी वरील पत्त्यावर वडील हर्शेल टॅकेट, वय ७६, यांच्यासोबत राहते. आई नऊ वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वारली. आमच्या जमिनीच्या पूर्वेला ओढा आहे. ओढ्यापलीकडे माझे काका थर्ल टॅकेट, वय ७३, आणि काकू मॉडीन राहतात. ही सगळी जमीन पूर्वी एकच होती. ओढ्याला पाणी गुडघाभर असते. आई गेली त्या वर्षाच्या हिवाळ्यापासून दोघा भावांपैकी कोणीही तो ओलांडलेला नाही. चर्चमध्ये वडील डावीकडे बसतात, काका उजवीकडे.

दोघांनी एकमेकांविरुद्ध तक्रार दिली आहे. वडिलांची तक्रार अशी की काकांनी वडिलांच्या मालकीच्या टर्कीवर बंदूक झाडली आणि छर्रे वडिलांच्या कानाजवळून गेले. काकांची तक्रार अशी की वडील विनापरवाना त्यांच्या हद्दीत शिरले. वन्यजीव खात्याच्या अधिकारी मिस कोल्टर काल आमच्या ओसरीवर येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, दोन्ही तक्रारी उभ्या राहिल्या तर दोघांचेही शिकारीचे परवाने काढून घ्या, असे त्यांना वर कळवावे लागेल. म्हणजे या नोव्हेंबरात हरणांच्या मोसमाला दोघेही घरी. वडिलांनी विचारले, किती काळ. त्या म्हणाल्या, काही वर्षे. वडील म्हणाले, "पोरी, काही वर्षं शिल्लक असलेला माणूस दिसतो का मी तुला?" रात्री ते जेवले नाहीत. काकूंचा फोन आला, काकाही जेवले नव्हते. म्हणून मी जबाब द्यायला आले आहे. दोघे या वेळी बाहेर पॅसेजमधल्या बाकावर दोन टोकांना बसले आहेत. मधे काकू बसल्या आहेत आणि विणकाम करत आहेत.

वसंतातल्या टर्कीच्या मोसमात फक्त नर मारता येतो. छातीवर दाढी, म्हणजे लोंबता केसाळ झुपका, दिसली तरच बंदूक उचलायची, आणि दुपारी एक वाजता बंद करायचे. मादीला हात लावायचा नाही. मादीचा आवाज काढून नराला बोलवायचे असते. डेप्युटींना हे सगळे माहीत आहे, पण जबाबात यावे लागते असे ते म्हणाले.

आमच्या ओढ्याकाठी दोन वर्षांपासून एक मोठा नर आहे. वडील त्याला पाद्री म्हणतात, कारण तो झाडावरून तासभर बोलतो आणि खाली मात्र उतरत नाही. तो कोणत्या झाडावर झोपतो, असा प्रश्न डेप्युटींनी विचारला. त्याचा तक्रारीशी संबंध नाही, असे मी सांगितले. संबंध असू शकतो, असे डेप्युटींचे म्हणणे पडले. मी झाड सांगितले नाही.

मोसम सुरू झाल्यापासून वडील रोज पहाटे ओढ्याकाठी जात. त्यांचे गुडघे दुखतात, पण तेवढे अंतर ते जातात. खांद्यांहून रुंद झाड बघून त्याला पाठ लावून बसतात, म्हणजे मागून कोणी चुकून झाडलेले छर्रे झाडाला लागतात. अंगावर लाल, पांढरे, निळे काही चालत नाही, कारण नराचे डोके त्याच रंगांचे असते. या तीन आठवड्यांत मला दोरीवर टॉवेलसुद्धा वाळत घालता येत नाहीत. वडिलांकडे आजोबांचा देवदारी खोका आहे. त्याचे झाकण कडेवर घासले की मादीसारखा आवाज येतो.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी वडील घरी आले ते शीळ घालत. आमचे बोलणे झाले ते असे:

"वेल्डे, पलीकडे एक मादी आलीय. काय तोंडाळ आहे म्हणून सांगू."

"मग?"

"मग काय. तिनं एक म्हटलं की मी दोन म्हणायचो. मी दोन म्हटले की ती चार. शेवटी गप्प झाली."

"कोण गप्प झालं?"

"मी. पण उद्या बघ तू तिला."

भांडखोर मादी भेटली तर तिच्याशी भांडायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. चिडली की ती भांडायला चालून येते आणि नर तिच्यामागून येतो. त्यामुळे वडिलांचे वागणे नियमाला धरून होते. मात्र भांडण लांबत गेले. नर कुठे आहे, याची चौकशी त्यांनी तिसऱ्या दिवसापासून केली नाही. घरी आले की ते मला फक्त मादी काय म्हणाली ते सांगत.

आई गेल्यापासून वडील मोरीपाशी उभे राहून खातात. त्या आठवड्यात ते टेबलाशी बसून खाऊ लागले. पावासारखी मऊ बिस्किटे आणि त्यावरचा पांढरा रस्सा दोनदा घेत.

बस आमच्या अंगणात उभी असते. शाळेच्या दिवशी पहाटे मी ती तापवायला जाते, तेव्हा ओढ्यावरचे सगळे ऐकू येते. गेल्या मंगळवारी मी इंजिन सुरू करण्याआधी थांबून ऐकले. वडिलांचा खोका वाजला. पलीकडून मादीने उत्तर दिले. प्रत्येक सुराच्या शेवटी बारीक शीळ येत होती.

माझ्या काकांनी ईस्टरच्या आधी नवी कवळी बसवली. ईस्टरला चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना प्रत्येक ओळीच्या शेवटी तशीच शीळ ऐकू आली होती. पुढच्या बाकावरची बाळे मागे वळून बघत होती. काका टर्कीचा आवाज तोंडाने काढतात, टाळूला पातळ रबरी पडदी लावून. ही मादी कोण, हे मला तिथेच कळले.

मी वडिलांना सांगितले नाही. का नाही, असे डेप्युटींनी विचारले. त्या सकाळी वडिलांनी अंडी अर्धवट सोडून मला मादीच्या नकला करून दाखवल्या होत्या. "बिचारीच्या घशाला काहीतरी झालंय गं," ते म्हणाले, "पण हटत नाही." याहून वेगळे कारण मला सांगता येत नाही.

बुधवारी काकू मला दुकानात पिठाच्या गोण्यांपाशी भेटल्या. काकू आणि मी एकमेकींशी बोलतो. त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांना बाहेर कोणीतरी भेटलंय."

मी म्हणाले, "काय सांगता काकू."

"टर्की गं. पहाटे उठून दाढी करतात. टर्कीसाठी दाढी करणारा माणूस पाहिलायस तू कुठे? चर्च सोडलं तर ती कवळी महिनाभर बशीत पडून होती. मी घाला घाला म्हणून थकले. आता उठल्या उठल्या घालतात."

"काय म्हणतात तिच्याबद्दल?"

"म्हणतात, म्हातारी आहे, आवाज फाटलाय, पण जिद्द बघण्यासारखी. म्हणतात, कितीतरी वर्षांत असं तोडीस तोड उत्तर देणारं कोणी भेटलं नव्हतं. मी तिथंच उभी होते, हातात त्यांची कॉफी."

मी काकूंकडे पाहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिले.

"तुलाही कळलंय," काकू म्हणाल्या.

"कालच."

"तर मग गप्प राहा. मोसम संपायला आलाय. त्याआधी काहीतरी करू."

काय करायचे ते आम्ही तिथेच ठरवले. पीठ घेऊन घरी गेलो.

शनिवार, ता. ९ रोजीचा प्रकार असा. माझ्याकडे प्लॅस्टिकचा नर टर्की आहे. शेपटी फुलवलेला, खाली खुंटी असलेला. वडील त्याला ‘माझा पक्षी’ म्हणतात, परंतु तो मी विकत घेतलेला असून कोणालाही दिलेला नाही. एरवी तो बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर असतो. मुले चढताना त्याला गुड मॉर्निंग म्हणतात. मी वडिलांना सुचवले की तो पलीकडच्या वाळूत उभा करावा, म्हणजे तुमची मादी बघायला येईल. वडिलांना ते पटले. ते म्हणाले, "तुझ्या डोक्यात हे आलं कसं? तुझ्या आईवर गेलीस."

अंधार होता तेव्हा मी बूट काढून ओढ्यातून पलीकडे गेले, पक्ष्याची खुंटी वाळूत रोवली आणि परत आले. वडील पाण्यात उतरले नाहीत. त्यांचा पाय पलीकडच्या जमिनीला लागलेला नाही. हद्द ओलांडली असेल तर ती मी. त्याला काकूंची परवानगी होती, आणि जमीन काकूंच्याही नावावर आहे.

आमचा बेत असा होता की काका पक्षी बघायला पाण्यापर्यंत येतील, समोर वडील दिसतील आणि मग काहीतरी होईल. काय होईल, ते आम्ही ठरवले नव्हते. काका बंदूक झाडणार नाहीत, अशी काकूंची खात्री होती, कारण त्यांनी सबंध आयुष्यात दाढी नीट पाहिल्याशिवाय घोडा ओढलेला नाही. काका शिकारीला जाताना चष्मा काढून ठेवतात, ही गोष्ट काकू विसरल्या. काच चमकली की पक्षी बिथरतो, असे काकांचे म्हणणे आहे.

उजाडल्यावर दोघे भाऊ एकमेकांशी बोलू लागले. मी वडिलांच्या शेजारी बसले होते. खोका वाजे, मग शीळ, मग खोका. त्या दिवशी आवाज चढलेले नव्हते. वडील मधेच थांबून माझ्या कानात म्हणाले, "आज नरम आहे. काहीतरी मनात आहे तिच्या." मग त्यांनी खोका इतक्या हळू घासला की मलाच जेमतेम ऐकू आला. पलीकडूनही तसेच हळू उत्तर आले.

त्यानंतर काकांना पक्षी दिसला असावा. बार झाला. प्लॅस्टिकचे डोके उडून ओढ्यात पडले आणि वाहत गेले. छर्रे वाळूत गेले. वडील डाव्या बाजूला, मोठ्या झाडाला टेकून होते, काकांना ते दिसणे शक्य नव्हते. कानाजवळून काही गेले असेल तर माशी गेली असेल.

काका झुडपातून धावत आले आणि त्यांनी पक्षी पायाला धरून उचलला. सोबत खुंटी आली. त्याच वेळी वडील उभे राहिले. दोघांमध्ये ओढा होता. दोघांनीही माझ्याकडे पाहिले. पुढील बोलणे सगळे माझ्यामार्फत झाले.

वडील: "वेल्डे, त्या माणसाला सांग, त्यानं माझा पक्षी मारलाय."

काका: "वेल्डा, त्या माणसाला सांग, त्याचा पक्षी माझ्या वाळूत उभा होता. परवाना दाखव म्हणावं पक्ष्याचा."

वडील: "विचार त्याला, दाढी बघितली होती का."

काका: "बघितली होती. ही काय."

वडील: "प्लॅस्टिकची आहे म्हणून सांग त्याला. चष्मा कुठाय ते विचार. गाडीत ठेवलाय, का विकला?"

काका: "आणि त्याला सांग, दोन आठवडे मी एका मादीला नादी लावून ठेवलं होतं. आज ती येणारच होती. याच्या या खेळण्याला बघून पळाली."

वडील: "त्याची मादी? ती माझी मादी होती. बार कोणी काढला? मादी कोणी पळवली?"

मादी कोणाची, यावर सगळी सकाळ गेली. मी मधे दोनदा तोंड उघडले. दोघेही म्हणाले, तू थांब. काकू झुडपामागून आल्या आणि त्यांनी हातानेच मला घरी चल अशी खूण केली.

तेवढ्यात पाद्री आमच्या घराच्या दिशेने ओरडला. दोघांनीही ऐकले, पण भांडण सोडून कोणी हलले नाही. मी घरी पोचले तेव्हा तो बसपाशी होता आणि चाकाच्या चकचकीत टोपीत स्वतःला बघून तिला चोच मारत होता. त्या वेळी किती वाजले होते, असे डेप्युटींनी तातडीने विचारले. दुपारचा एक वाजून गेला होता. अरेरे, असे डेप्युटी म्हणाले. ते त्यांनी लिहिले नव्हते, माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.

दोघे बोलत का नाहीत, असे मला विचारण्यात आले. त्याबद्दल सांगते. आमच्या हरणांच्या तळावर, जिथे शिकारीच्या दिवसांत सगळे एकत्र राहत, तिथे नेम चुकलेल्या माणसाच्या शर्टाचे मागचे टोक कापून भिंतीला खिळ्याने ठोकतात. सगळ्यांचे कापतात. आजोबांचेही आहे. नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात वडिलांच्या समोरून मोठ्या शिंगांचे हरीण गेले आणि नेम चुकला. रिवाजाप्रमाणे काकांनी कात्री घेतली आणि सगळ्यांच्या हसण्यात शर्ट कापला. तो शर्ट आईने शिवला होता. तिने शिवलेला तो शेवटचा. काकांना हे माहीत नव्हते. वडिलांनी सांगितले नाही. ते सामान बांधून त्याच संध्याकाळी घरी आले. काकांना वाटले, हर्शेलला चेष्टा सोसत नाही. शर्ट आमच्या कपाटात आहे. टोक अजून काकांच्या तळाच्या भिंतीवर आहे. आता ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दोन तळ आहेत, आणि दोन्हीकडे एकेकच माणूस जातो.

आता त्या मादीबद्दल. ओढ्यापलीकडे कोणतीही मादी नव्हती. माझे वडील जिच्याशी भांडत होते ती थर्ल टॅकेट आहे. माझे काका जिच्यासाठी दाढी करत होते ती हर्शेल टॅकेट आहे. दोघांपैकी एकही टर्की नाही.

डेप्युटींनी इथे पेन खाली ठेवले. त्यांचे माझे बोलणे झाले ते असे:

"मिस वेल्डा, हे मी लिहू?"

"लिहा."

"पन्नास-साठ वर्षं टर्की मारताहेत हे दोघं. सगळ्या तालुक्याला शिकवलंय यांनी. मला शिकवलंय. हे बाहेर कळलं तर कुठे तोंड दाखवायचं त्यांनी?"

"परवाने गेले तर कुठे दाखवतील?"

डेप्युटींनी पेन उचलले.

माझे म्हणणे असे की, हद्दीत मी शिरले. पक्षी माझा होता. डोके वाहून गेल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शाळेतल्या मुलांना काय सांगायचे ते मी बघून घेईन. तेव्हा दोन्ही तक्रारींत तक्रार करण्यासारखे काही उरत नाही. तरीही दोघांना त्या चालवायच्याच असतील, तर त्यांनी हा जबाब ऐकून मग तसे सांगावे.

जबाब वाचून दाखवतो, असे म्हणून डेप्युटी दार लावायला उठले. मी त्यांना दार उघडे ठेवून मोठ्याने वाचायला सांगितले. मला कमी ऐकू येते, असे कारण दिले. बसचालक म्हणून माझे कान दरवर्षी तपासले जातात आणि ते उत्तम आहेत, हे डेप्युटींना माहीत आहे. त्यांनी दार सताड उघडले.

वाचन सुरू झाल्यानंतरचा पुढील मजकूर माझ्या विनंतीवरून जोडण्यात आला.

कवळीच्या परिच्छेदापासून मी हद्द ओलांडली इथपर्यंत बाहेरून नुसते खोकण्याचे आवाज आले. शर्टाच्या परिच्छेदाला काकूंच्या सुया थांबल्या. तो संपल्यावर काका म्हणाले, "सांगायचं होतंस." मधे कोणाचे नाव घेतले नाही, मार्फतही कोणाच्या नाही. मग डेप्युटींनी मादीचा परिच्छेद वाचला.

बाक सरकल्याचा आवाज आला. नंतर काका म्हणाले, "माझी कवळी वाजत नाही."

"वाजते," वडील म्हणाले. "केटलीसारखी वाजते. मी म्हटलं, बिचारीला घशाचं दुखणं आहे, आज आहे, उद्या नाही."

"आणि तुझा तो खोका? तडकलाय तो. मला वाटलं, म्हातारीला कोणीतरी चावलंय."

"मग कशाला येत होतास रोज?"

"तू कशाला येत होतास?"

"मी जिंकत होतो म्हणून."

"तू? गुरुवारी कोण गप्प झालं आधी?"

"गुरुवारी मला शिंक आली होती."

"टर्कीला शिंक येते होय रे?"

"अरे, कवळी घालते म्हटल्यावर शिंकेचं काय घेऊन बसलास?"

डेप्युटी दारात गेले आणि तक्रारी ठेवायच्या की मागे घ्यायच्या, असे त्यांनी विचारले. दोघेही एकदमच म्हणाले, "थांब रे वॉर्ड, आम्ही बोलतोय ना." काकूंनी विणकाम पिशवीत टाकले, त्या उठून समोरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मधली जागा रिकामी झाली.

डेप्युटींनी परत येऊन उरलेला जबाब वाचला. शनिवारी सकाळी हळू आवाजात कोणी कोणाला काय म्हटले, यावरून बाहेर आरडाओरडा चालू असल्याने मला त्यातला शब्दही ऐकू आला नाही. दार लावू का, असे डेप्युटींनी विचारले. मी नको म्हणाले. जेवढे ऐकू आले तेवढे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, आणि ऐकू आले नाही तेही बरोबरच असणार, म्हणून खाली सही करत आहे.

वेल्डा जून टॅकेट